जब्बार मास्तरांचा हळू बाजा

जब्बार मूळचा कलईवाला. धुळ्याच्या जुन्या पेठेत त्याच्या बापाचं दुकान होतं. दुकान म्हणजे जमिनीत एक खड्डा, एक भाता आणि डोक्यावर ताणलेलं गोणपाट. पितळेची भांडी पांढरी करायची, फुटकी घागर डाग देऊन सांधायची, हंड्याचे पोचे काढायचे. बापाने त्याला एक सवय लावली होती. भांडं हातात आलं की आधी टिचकी मारून ऐकायचं. धड भांडं लांबपर्यंत बोलतं, तडा गेलेलं मध्येच गप्प होतं. ऐकून ऐकून जब्बारचा कान असा तयार झाला की तडा नेमका कुठे आहे ते तो डोळे मिटून सांगायचा.

१९१२ साली, बाविसाव्या वर्षी, तो भुसावळला गेला. त्याचा मावसभाऊ रेल्वेच्या लोकोशेडमध्ये होता आणि रेल्वेच्या वसाहतीत कलईचं काम भरपूर मिळतं असं तो म्हणायचा. पोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक काम आलं ते मात्र भांड्याचं नव्हतं. रेल्वेतल्या लोकांचा एक बँड होता आणि त्यातलं युफोनियम, म्हणजे कडेवर मूल घ्यावं तसं धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, कुठून तरी हवा सोडत होतं. दोन कारागिरांनी हात टेकले होते.

बँडचे मास्तर होते कायतान. गोव्याकडचे, पन्नाशीचे, भुसावळच्या उन्हातही काळा कोट अंगातून न काढणारे. जब्बारने ते वाद्य मांडीवर घेतलं आणि नळीवरून टिचक्या मारत पुढे गेला. एका जागी थांबला.

"इथे," तो म्हणाला. "या पट्टीच्या खाली."

"तुला दिसतंय?"

"नाही. आवाज बसतोय इथे."

पट्टी काढली तर खाली केसाएवढी चीर होती. जब्बारने डाग दिला, पॉलिश केलं आणि निघाला. कायतान मास्तर म्हणाले, "थांब. दुरुस्त केलंस ते वाजताना तर ऐक."

तालमीच्या खोलीत चौदा माणसं बाकांवर बसली होती. कोणी फिटर, कोणी गार्ड, कोणी तिकीटबाबू. जब्बार दाराशी उभा राहिला. पुढे आयुष्यभर तो लोकांना सांगायचा की त्या दिवशी कोणती धून वाजली ते त्याला आठवत नाही. आठवतं ते धून सुरू व्हायच्या आधीचं. कायतान मास्तरांनी उजवा हात वर नेला आणि चौदा माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतला. खोलीतली हवा हलल्याचं जब्बारला कळलं. इतकी माणसं एका श्वासावर आलेली त्याने त्याआधी फक्त नमाजात अनुभवली होती.

तो भुसावळलाच राहिला. दिवसा कलई, संध्याकाळी मास्तरांकडे. मास्तरांचे वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मास्तरांना अक्षरांच्या आधी सुरांचं लिखाण वाचता यायला लागलं होतं. पाच रेघा आणि त्यांवर बसलेले टिपके. त्यांनी ते जब्बारला शिकवलं आणि कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखा पितळी बाजा, हातात दिलं. तीन वर्षांत जब्बार बँडचा पहिला कॉर्नेट झाला. मास्तर कौतुक फारसं करायचे नाहीत. एकदा नुसतं म्हणाले, "तू चांगला वाजवतोस. आता शेजारचा काय वाजवतो तेही ऐकायला शिक."

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. मुलगी यावलची, नाव अनवरी. शांत, उंच, आणि अर्धशिशीने बेजार. महिन्यातून दोन-तीनदा तिचं अर्धं डोकं असं दुखायचं की ती खिडकीवर पडदा ओढून पडून राहायची. त्यांचं घर म्हणजे एकच खोली आणि जब्बारला रोज तासभर कॉर्नेट वाजवल्याशिवाय चालण्यासारखं नव्हतं. पहिल्या वेळी त्याने कॉर्नेटच्या तोंडात फडकी कोंबली आणि वर गोधडी टाकली. आतून नुसती घुसमट ऐकू येऊ लागली.

अनवरी अंथरुणातून म्हणाली, "काढा ती गोधडी. असं ऐकवत नाही."

"मग मोठा आवाज होईल."

"मोठा कशाला करता? हळू वाजवा ना."

"पितळी बाजा आहे हा. हळू वाजवला की सूर फाटतो."

"फाटणार नाही असा वाजवा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

जब्बारने ते मनावर घेतलं. ओठ किती दाबायचे, पोट किती आवळायचं, हवा किती थोडी सोडली तरी सूर उभा राहतो, हे शोधण्यात त्याचं वर्ष गेलं. सूर फाटायचा, बसायचा, थरथरायचा. पण एका दुपारी तो आला. अगदी बारीक, पण सबंध. अनवरीच्या कपाळावर ओला रुमाल होता. तिचा श्वास मोकळा झाला आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. जब्बार वाजवत राहिला. त्या दिवसापासून ती त्याची श्रोता झाली. "तिसऱ्या वळणावर सूर हलला," असं ती भाकरी थापता थापता सांगायची, आणि तो खरंच हललेला असायचा. संगीतातलं एक अक्षर ती शिकली नव्हती.

१९२२ साली जब्बारच्या हिरड्या सुजल्या. महिनाभर त्याने लवंग दाबून चालवलं, मग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पुढचे चार दात काढले. जखम भरल्यावर त्याने कॉर्नेट ओठांना लावलं तर नुसता वारा बाहेर आला. महिनाभर तो रोज प्रयत्न करत होता. मग त्याने कॉर्नेट पुसलं, कापडात बांधलं, बँडच्या कपाटात नेऊन ठेवलं आणि अनवरीला घेऊन धुळ्याला परतला. बापाचा खड्डा आणि भाता होताच.

त्या वर्षाबद्दल अनवरी पुढे शेजारच्या तानुबाईला सांगायची, "भांड्याला टिचकीही मारत नव्हते. नुसतं बघून डाग द्यायचे." तिने त्याला समजावलं नाही, की रागावलीही नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा तेव्हा ती दाराच्या आत बसायची, एवढंच.

पुढच्या वर्षी कायतान मास्तर नोकरीतून निवृत्त झाले. गोव्याला जाण्याआधी ते वाकडी वाट करून चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बसले आणि पेठेत विचारत विचारत जब्बारच्या ओट्यावर आले. काळा कोट घामाने भिजला होता. अनवरीने आतून सरबत पाठवलं.

"बँड का सोडलास?" मास्तरांनी विचारलं.

जब्बारने ओठ मागे घेऊन हिरड्या दाखवल्या.

मास्तरांनी डावा हात पुढे केला. "ही बोटं कधी बघितलीस?"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून वाकडी होती, मिटत नव्हती. जब्बारने ती हजारदा पाहिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती.

"मी व्हायोलिन वाजवायचो," मास्तर म्हणाले. "चांगलं वाजवायचो. अठ्ठावीस वर्षांचा होतो, जहाजावर दार बसलं बोटांवर. तू दहा वर्षं माझ्यासमोर होतास. मला काही वाजवताना पाहिलंस?"

"नाही."

"का वाजवत नाही, असं तुला वाटलंही नाही."

जब्बार म्हणाला, "मला वाटायचं, मास्तर म्हणजे सगळ्यांच्या वरचा. त्याला वाजवायची गरज नाही."

"वरचा कसला. मला वाजवता येत नाही म्हणून मी उभा राहतो. पहिली दोन वर्षं रडलो. मग लक्षात आलं, मला स्वतःला वाजवायचं नाही, म्हणजे माझा कान रिकामा आहे. त्यात चौदा जण मावतात." त्यांनी सरबत संपवलं. "तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. भांड्यांवर घालवू नकोस."

मास्तर दुपारच्या गाडीने गेले. रात्रभर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी जब्बार माणसं शोधायला निघाला.

माणसं मिळाली ती अशी. निंबा बाजारात पोती वाहायचा. छाती एवढी रुंद की मोठा ढोल तिच्यावर लहान दिसायचा. भटूच्या घरात सनई होती, त्याने क्लॅरिनेट धरलं. बाकीचे विणकर, शिंपी, एक न्हावी, दोन शेतमजूर. वाद्यं जुनी, पोचे आलेली, ती जब्बारने स्वतः बसून धड केली. बारा जण झाले. सुरांचं लिखाण एकालाही वाचता येत नव्हतं, तेव्हा जब्बारच ते वाचायचा आणि तोंडाने म्हणून एकेकाला शिकवायचा.

इंग्रजी धुना तो थोड्याच ठेवायचा. त्याला हव्या होत्या इथल्या चाली. हळदीला, जात्यावर, पाळण्याशी बायका म्हणतात त्या. पण बायकांच्या बैठकीत पुरुष कसा बसणार? ते काम अनवरीने केलं. तानुबाईच्या घरी हळद असली की ती जाऊन बसायची आणि घरी येऊन चाल गुणगुणायची. जब्बार पाच रेघांवर टिपके मांडायचा. "इथे बायका श्वास घेतात," ती मध्येच सांगायची, "इथे बाजाही थांबू दे." तो तिथे खूण करायचा.

तालमी शुक्रवारी दुपारी, त्याच्या घरामागच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली. अनवरी मागच्या दाराच्या पडद्याआड बसायची. आणि तालमीत जब्बार, आता सगळ्यांचे जब्बार मास्तर, बारा जणांना हळू वाजवायला शिकवायचे. महिनोन् महिने तेच. हळू, अजून हळू. ढोलावरही. निंबाला ते कळेना.

"मास्तर, लगीनना बाजा शे," तो म्हणायचा. "तीन गावले ऐकू नई गया त लोके म्हनतीन, बाजाच नई उना."

"जोरात कोणालाही वाजवता येतं, निंबा. जोरात वाजवलं की प्रत्येकाला आपलंच ऐकू येतं. हळू वाजवलंस तर शेजारचा ऐकू येईल. तो ऐकू आला की आपण बाजा झालो. नाहीतर बारा माणसं आहोत."

निंबाला ते पटलं नाही, आणि लग्नघरांनाही. लोक सुपारी द्यायला यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, आवाज कुठवर जातो? पेठेच्या दुसऱ्या टोकाला वीस जणांचा एक बँड होता, तो वाजायला लागला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. सुपाऱ्या तिकडे जायच्या. मुलं जब्बार मास्तरांच्या मागे त्यांची नक्कल करत, हात हलवत चालायची. एका वरातीत नवरदेवाच्या मामाने विचारलं, "बाकीचे वाजवतात, तुम्ही काय करता? माशा हाकलता?" मास्तर हसले. त्या दिवशी भटूने चिडून क्लॅरिनेट पेटीत टाकलं आणि दोन आठवडे तालमीला आला नाही.

मास्तरांनी तडजोड केली. वरातीत जोरात वाजवायचं, जेवढं मागतील तेवढं. पण शुक्रवारी हळूच. भटू परत आला. असं नऊ-दहा वर्षं चाललं. हळू बाजा ऐकणारं माणूस एकच होतं आणि ते पडद्याआड होतं.

१९३४ च्या वैशाखात अमळनेरहून सुपारी आली. जीवराम नावाचे कापसाचे व्यापारी, त्यांच्या मुलीचं लग्न. बारा जण आणि मास्तर पहाटे मोटारीने निघाले आणि ऊन चढायच्या आत पोचले. मांडव घातलेला, तोरणं लावलेली, पण अंगणात गडबड नव्हती. जीवरामभाऊ स्वतः दारात आले. डोळे जागरणाने लाल झाले होते.

"मास्तर, तुम्हाला परत जावं लागेल," ते म्हणाले. "तुमचं ठरलेलं सगळं तुम्हाला मिळेल. पण बाजा नको. माझी आई वर माडीवर आहे. परवा छातीत कळ आली. वैद्य म्हणतात, दार आपटलं तरी जिवाला धोका आहे."

मास्तरांनी मान हलवली. निंबाने ढोल परत खांद्याला लावला. तेवढ्यात माडीच्या खिडकीतून बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

"जीवराम, कोन उनं?"

"कोणी नाही, आई. तू पड."

"बाजावाला उनात ना? तू त्यास्ले परत धाडी राह्यना." ती भागाबाई. नातीला तिनेच वाढवलं होतं, कारण नातीची आई बाळंतपणातच गेली होती. "मनी नात घरमाईन बाजाबिगर मुकी जाई का?"

जीवरामभाऊंनी मान खाली घातली. एवढा मोठा व्यापारी, पण त्यांना तिथे उभं राहवेना.

मास्तर म्हणाले, "भाऊ, आम्ही हळू वाजवू. एकच धून. तुम्ही आईंच्या उशाशी बसा. त्यांच्या कपाळावर आठी जरी आली, तर खिडकीतून हात दाखवा. आम्ही तिथल्या तिथे थांबू."

"हळू म्हणजे किती?"

"माझ्या घरात अर्धशिशीचं माणूस आहे," मास्तर म्हणाले. "तिला झोप लागते, इतकं."

जीवरामभाऊ माडीवर गेले.

बारा जण अंगणात अर्धगोल उभे राहिले. निंबाने टिपरू बाजूला ठेवलं आणि बोटांची पेरं ढोलावर टेकवली. मास्तरांनी हात वर नेला. बारा श्वास आत गेले.

ती हळदीची चाल होती, तानुबाईच्या घरातून अनवरीने आणलेली. आधी नुसतं क्लॅरिनेट, मग खालून युफोनियम, मग बाकीचे. आवाज मांडवाच्या कापडापलीकडे जेमतेम जात होता. स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हातातली कामं थांबली. बांगड्यांची किणकिण बाजात ऐकू येत होती, इतका तो हळू होता. बायका श्वास घेतात तिथे बाजा थांबला, आणि त्या थांबण्यात कोणीतरी आतून पहिली ओळ धरली. मग दुसरीने. मग सगळ्याच म्हणू लागल्या, तशाच हळू, वर आजारी माणूस आहे हे सांभाळून. मास्तरांचा हात आता बारा जणांसाठी होता की त्या न दिसणाऱ्या बायकांसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरी हळदीच्या अंगाने चौकटीत येऊन उभी राहिली.

धून संपली. खिडकीत जीवरामभाऊ दिसले नाहीत. मग खिडकीत एक पांढरं डोकं आलं. भागाबाईला मुलाने पाठीला उशा लावून बसवलं होतं.

तिने अंगणातल्या एकेकाला न्याहाळलं आणि नजर मास्तरांवर थांबली. "तुना हातमा काहीच नई. तू काय वाजाडस रे भाऊ?"

"काही नाही, अक्का."

"मंग उभा कसाले राह्यना?"

"हे सगळे एका वेळी श्वास घेतात ना, तेवढं बघायला."

"बठ्ठास्ना?"

"हो, अक्का. सगळ्यांचा."

"मना बी लीधा तू," ती म्हणाली. "दोन दिवसथून श्वास पुरत नव्हता. आते पुरना." "परत वाजाडा. सुरुवात मना कानमा उनीच नई."

ती चाल त्या दिवशी चारदा वाजली. लग्न लागलं. संध्याकाळी नवरी निघाली तेव्हा बाजा तिच्या पुढे चालला, तसाच हळू, आणि अमळनेरच्या बाजारात माणसं दुकानांच्या फळ्यांपर्यंत पुढे आली, कारण मागून ऐकू येत नव्हतं. परतीच्या मोटारीत निंबा हात चोळत बसला होता.

"मास्तर, मना हात दुखी राह्यनात," तो म्हणाला. "जोरमा वाजाडाले इतली ताकद लागत नई."

भटू खिडकीबाहेर बघत होता. "शुक्रवारी लवकर जमू," तो म्हणाला.

भागाबाई त्यानंतर सात महिने होती. जीवरामभाऊंनी दिवाळीला मास्तरांना पुन्हा बोलावलं, कोणतंही कार्य नसताना, नुसतं आईसाठी. धुळ्यात मात्र फार काही बदललं नाही. लोकांना लग्नात तावदानं थरथरायलाच हवी होती. पण मधूनच कोणी तरी यायचं. बारशाचं घर, ज्यात बाळ अशक्त होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेला एक शिक्षक. आणि संकोचत विचारायचं, तुमचा तो हळू बाजा असतो म्हणे?

अमळनेरहून आल्यावर मास्तरांनी अनवरीला सगळं सांगितलं होतं. तिने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही."

"रोज तर पाहतेस."

"बाजापुढे उभे राहिलेले नाही पाहिले. हात वर नेता म्हणता, तो कसा नेता?"

पुढच्या शुक्रवारी ती बुरखा घालून मागच्या आवारात आली. बारा जण अदबीने उठले. निंबाने तिच्यासाठी पाट मांडला, मास्तरांच्या अगदी समोर, बाजाच्या शेजारी. मास्तर त्या दिवशी नवख्यासारखे वागले. दोनदा टोपी नीट केली, एकदा उगाच खाकरले. मग हात वर गेला.

अनवरीने तो हात पाहिला. वर जाताना, थांबताना, खाली येताना. भटूच्या क्लॅरिनेटकडे वळलेली बोटं पाहिली. चेहरा पाहिला, पंचेचाळिशीचा, पुढचे दात नसलेला, आणि इतका लक्ष देणारा की तिला आपल्या घरातला हा माणूस नवाच वाटला. अर्धी धून झाली असेल. मग ती पाटावरून उठली, पाट उलटा फिरवला आणि मास्तरांकडे, बाजाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली.

मास्तरांचा हात अडखळला. बाजा थांबला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "पाहत बसलं की ऐकू कमी येतं. वाजवा तुम्ही."

बारा जण एकमेकांकडे बघून हसले. मास्तरही हसले, आणि त्यांनी धून पुन्हा पहिल्यापासून घेतली.